वरातीची घोडी आणि मेंदूज्वर: फिरत्या मेसेजचा हिशेब

पावसाळा लागला की नागपूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हा मेसेज हटकून येतो: "वरातीच्या घोड्यांमधून जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल आणि चांदीपुरा पसरतो. वस्तीतले तबेले हलवा. रक्त पॉझिटिव्ह आलं तर घोडा मारा. घोडे मरतच नसतील तर तपासणीवर खर्च कशाला? तबेल्यात धुरळणी करा, झालं."

"घोड्यांमधून पसरतो." नाही. डासाला विषाणू उचलायचा तर रक्तात तो भरपूर लागतो. घोड्यात तेवढा वाढत नाही, माणसातही नाही. जपानी मेंदूज्वराचा विषाणू वाढतो डुकरांत आणि बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत, वेस्ट नाईलचा पक्ष्यांत. हे दोन्ही पसरवणारे क्युलेक्स डास, त्यातही जपानी मेंदूज्वराचे, मौदा-रामटेककडं दिसतात तशा धानाच्या बांध्यांत वाढतात. तबेला हलवला तरी बांध्या तिथंच राहणार. चांदीपुरा तर डासांचा आजारच नव्हे. 1965 साली नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यातल्या रुग्णांत तो सापडला, आणि तो पसरवते सँडफ्लाय, म्हणजे वाळूमाशी. जपायचं ते मेंदूज्वरानं मेलेल्या घोड्याचं शवविच्छेदन करताना: हातमोजे, चष्मा, मास्क हवेतच, कारण तो रेबीजही असू शकतो.

"पॉझिटिव्ह आला तर मारा." आधी कोणती टेस्ट ते विचारा. आयजीजी आणि आयजीएम ही रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं. आयजीजी म्हणजे लागण कधीतरी झाली होती, कदाचित काही वर्षांपूर्वी, किंवा लस दिली होती. आयजीएम म्हणजे ताजी लागण. ते सहसा 2-3 महिन्यांत ओसरतं. शिवाय जपानी मेंदूज्वर आणि वेस्ट नाईलचे विषाणू भाऊबंद, त्यामुळं ही प्रतिपिंडं शोधणारी एलायझा टेस्ट त्यांच्यात गल्लत करते. निकाल लावते न्यूट्रलायझेशन टेस्ट (रक्तातलं सिरम किती पट पातळ करूनही विषाणूला रोखतं, हे ती मोजते), तीही दोन्ही विषाणूंवर एकाच वेळी. जपानीला 1:160 आणि वेस्ट नाईलला 1:20 आलं तर जपानी. 1:80 आणि 1:40 आलं तर फरक चौपटीपेक्षा कमी, नाव देता येत नाही. यातल्या कोणत्याही निकालानं घोडा शेजाऱ्याला धोकादायक ठरत नाही.

"मरत नाहीत, मग तपासणी कशाला?" मेसेजमधली सगळ्यात मोठी चूक हीच. लागण झालेल्या बहुतेक घोड्यांना काहीच होत नाही, म्हणून तर धडधाकट घोड्यांचं रक्त घ्यायचं. लस न दिलेला, सहा महिन्यांच्या पुढचा (त्याआधी आईकडून आलेली प्रतिपिंडं गोंधळ घालतात), एकाच ठिकाणी बांधलेला घोडा निवडा. जूनमध्ये एकदा, त्याच घोड्यांचं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा. जूनला निगेटिव्ह असलेला नंतर पॉझिटिव्ह आला तर त्या पावसाळ्यात त्या जागी डासांत विषाणू होता. वरातीच्या घोडीची अडचण अशी की ती आज कामठीत, उद्या उमरेडला. तिच्या मुक्कामांची नोंद नसेल तर निकाल कुठला म्हणायचा?

मानेच्या शिरेतून 10 मिली रक्त, लाल झाकणाच्या साध्या नळीत. नळी झटकायची नाही, सावलीत तास-दोन तास उभी ठेवायची. गोठलं की वरचं पिवळसर सिरम दोन कुप्यांत काढायचं आणि मगच बर्फाच्या डब्यात. आपल्याकडच्या जूनच्या उकाड्याच्या धास्तीनं ताजं रक्तच बर्फाला चिकटवून ठेवतात. लाल पेशी फुटतात, सिरम गुलाबी होतं आणि टेस्टचा भरवसा जातो. घोडा लडखडतोय, ओठ थरथरतायत असं दिसलं तर पहिला नमुना त्याच दिवशी, दुसरा 2-3 आठवड्यांनी. तेव्हा रक्तात विषाणू शोधून फारसं हाती लागत नाही, तोवर तो बहुधा निघून गेलेला असतो.

"धुरळणी करा, झालं." धूर उडत्या डासांना मारतो, पाण्यातल्या अळ्यांना नाही. तबेल्यात पाण्याचं टाकं आठवड्यातून एकदा घासून रिकामं करा, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत जाळी आणि पंखा लावा. वाऱ्यात डासाला नीट उडता येत नाही. पॉझिटिव्ह निकाल आलाच, तर गावाचं नाव आणि दोन्ही नमुन्यांच्या तारखा लिहून जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या.