गोर्बाचेव्ह नक्की कोणाचे हिरो?

परदेशी नेत्यांबद्दल आपण किती पटकन मत बनवतो ना. एक रील बघितली, सबटायटल लावून एखादं भाषण ऐकलं की झालं, "असा माणूस आपल्याकडे पाहिजे होता". मला याचा खरंच त्रास होतो, कारण त्या नेत्याच्या राज्यात ज्यांना रोज जगावं लागलं त्यांना कोणी विचारतच नाही.

सोव्हिएत संघाचे शेवटचे नेते गोर्बाचेव्ह यांचंच घ्या. ३० ऑगस्ट २०२२ ला ते गेले तेव्हा सगळीकडे शांतिदूत, शीतयुद्ध संपवणारा माणूस असंच चाललं होतं, आपल्याकडच्या पोस्टीही तशाच. त्यात खोटं काही नाही. १९८७ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्याबरोबर अण्वस्त्रं कमी करण्याचा करार केला, अफगाणिस्तानातून फौजा परत नेल्या, १९८९ ला पूर्व युरोपात एकेक कम्युनिस्ट सरकार पडत होतं तेव्हा रणगाडे पाठवले नाहीत, आणि माझ्या मते हे न पाठवणं ही फार मोठी गोष्ट आहे. १९९० ला नोबेल. पण हाच माणूस १९९६ ला रशियात राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला तर मतं किती पडली? जेमतेम अर्धा टक्का!

असं का, ते कळायला तिथल्या स्वयंपाकघरात डोकवावं लागतं. १९८५ ला सत्तेवर आल्या आल्या त्यांनी दारूविरुद्ध मोहीम काढली, हेतू चांगलाच होता, पण दारू मिळेना म्हणून लोक घरातच हातभट्टी लावायला लागले, त्याला साखर लागते, मग दुकानातली साखर गायब आणि साखरेला कुपनं सुरू. म्हणजे जी बाई दारूला शिवत नव्हती तिच्या चहातली साखर गेली. पुढे १९९१ पर्यंत दुकानं रिकामी, मग देशच फुटला, जानेवारी १९९२ ला किमतींवरचं नियंत्रण उठवलं आणि त्या एका वर्षात महागाई अडीच हजार टक्क्यांच्या आसपास गेली. जन्मभर बँकेत साठवलेली पुंजी मातीमोल. हे रशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्या काळात झालं, कबूल, पण ज्याचं म्हातारपण उघड्यावर आलं तो तारखा बघून राग वाटून देत नाही.

आणि तेव्हा सोव्हिएत संघातून बाहेर पडू पाहणाऱ्या लिथुएनियात विचाराल तर तिसरंच ऐकायला मिळेल. जानेवारी १९९१ मध्ये तिथली राजधानी व्हिल्नियसच्या टीव्ही टॉवरपाशी नि:शस्त्र लोकांवर सोव्हिएत सैन्य चालून गेलं, १४ जण गेले. तेव्हा नोबेल जाहीर होऊन तीन महिनेच झाले होते.

आपल्याकडच्या आधीच्या पिढीचं मत अजून वेगळं. १९७१ ला रशिया आपल्यामागे उभा राहिला, भिलाईचा कारखाना दिला, लोकवाङ्मय गृहात रशियन पुस्तकं अगदी स्वस्तात मिळायची, त्यामुळे "या माणसाने आपला चांगला मित्र घालवला" ही हळहळ. हळहळ खरी आहे, पण त्यातही सगळा हिशोब आपलाच आहे, साखरेच्या रांगेतली बाई त्यात कुठेच नाही.

म्हणून परदेशातल्या कोणाला डोक्यावर घेण्याआधी किंवा शिव्या घालण्याआधी मी एवढंच बघते, बोलणारा कुठे उभा राहून बोलतोय आणि त्या नेत्याची किंमत त्याने स्वतः मोजलीय का.

आणि हो, "रशियन लोक त्यांचा द्वेषच करतात" हेही सरसकट फॉरवर्ड करू नका. पुतिन अंत्यविधीला गेले नाहीत, तरी मॉस्कोत हजारो लोक शेवटचं दर्शन घ्यायला रांगेत उभे होते. तुमच्यापैकी कोणी त्या काळात तिकडे मेडिकलला वगैरे असाल तर जरूर लिहा, घरमालकीण, प्रोफेसर, दुकानदार तेव्हा काय बोलायचे ते मला वाचायचंय.