दिव्याला टोपी

आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी देवळासमोर दुसरा हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा झगझगीत दिवा, बसला. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी अमेरिकेतून, अॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफहून पचकलो, "आता तारे दिसायचे नाहीत." चुलतभावाचं उत्तर मिनिटात आलं. "दादा, ऊस दाराशी आलाय. बिबट्या आला तर तारे मोजत बसू का?"

गप्प बसलो. दहावीचा अभ्यास मी लोडशेडिंगमध्ये कंदिलावर केलाय. तेव्हा अंधार सुंदर असतो असं एकदाही वाटलं नव्हतं. ते सुचलं अॅरिझोनात, पोट भरल्यावर.

पण फ्लॅगस्टाफ काही अंधारात नाही, हे सांगायचं राहून गेलं. इथल्या लॉवेल वेधशाळेत १९३० मध्ये प्लूटो सापडला. १९५८ मध्ये शहराने जाहिरातींच्या सर्चलाइटांवर बंदी घातली आणि २००१ मध्ये ते जगातलं पहिलं 'डार्क स्काय', म्हणजे रात्रीचं आकाश काळं राखणारं, शहर ठरलं. रस्त्यावर दिवे आहेतच, फक्त पिवळसर आणि वरून झाकलेले. मी आल्या आल्या गॅरेजवर पांढराफटक फ्लडलाइट लावला होता. तिसऱ्या दिवशी शेजारचे आजोबा आले, मला रस्त्यापलीकडे घेऊन गेले आणि म्हणाले, इथून तुझं दार दिसतंय का बघ. कुठलं दार! नुसता झगझगाट.

बिबट्याचंही तेच. उघडा दिवा डोळ्यांत शिरला की बाहुली आकसते आणि उजेडाच्या कडेपलीकडचा ऊस आणखी काळा होतो. तोच उजेड खाली पाडला तर अंगण दिसेल, बांधही दिसेल. पांढऱ्या एलईडीतला निळा प्रकाश हवेत जास्त पसरतो, म्हणून रंग पिवळसर हवा.

हे अमेरिकेचंच कौतुक असं समजू नका. आपला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झाला. तिथल्या गावांत अंधार केला नाही, खाली उजेड पाडणारे दिवे बसवले. आमच्याच तालुक्यात गिरवलीला २००६ पासून पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. मग इथल्या हायमास्टच्या निविदेत झाकणाची एक ओळ का असू नये? खांबावर निधी देणाऱ्याच्या नावाची पाटी मात्र न विसरता लागते.

हे सगळं भावाला फोनवर सांगितलं. "बघतो," म्हणाला. परवा गोठ्यावरच्या दिव्याचा फोटो आला. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याला टोपी केलीय. खाली लिहिलंय, "आई म्हणते, आता डोळ्यावर येत नाही." ताऱ्यांचं नाव नाही.