तिरपं टिंब

लॉ कॉलेजच्या विद्यार्थी जर्नलच्या संपादक मंडळात जायचं तर लेखनस्पर्धा द्यावी लागते, हे घरी सांगितलं तेव्हा आईनं पहिला प्रश्न विचारला, "पगार किती?"

"पगार नाही गं. दुसऱ्यांचे लेख तपासायचे."

"फुकट? आणि त्यासाठी वर परीक्षा?"

आई भडंग परतत होती. तेवढ्यात लसूण करपायला आला, म्हणून मी वाचले.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला मेलवर गठ्ठा आला. सोमवारी सकाळी नऊच्या आत परत करायचा. एका निकालावर दीड हजार शब्दांचं टिपण, तेही फक्त गठ्ठ्यातल्या कागदांवरून. शिवाय मुद्दाम चुका पेरलेल्या चाळीस तळटीपा दुरुस्त करायच्या. नाव घालायचं नाही, नुसता नंबर. कुणाची मदत घ्यायची नाही.

टिपण शनिवारी दुपारपर्यंत उरकलं. खरा छळ तळटीपांचा. केशवानंद भारती खटल्यात ६८ दिवस सुनावणी होऊन १३ न्यायमूर्तींनी ७ विरुद्ध ६ असं ठरवलं, की संसदेला घटनेची मूळ चौकट मोडता येणार नाही. मला एका टिंबाचं ठरवता येईना. ब्लूबुक नावाचं अमेरिकेतलं, तळटीपांत संदर्भ कसे द्यायचे त्याच्या नियमांचं पुस्तक आहे, १९२६ पासूनचं. त्यात 'इड.' म्हणजे 'वरचाच संदर्भ'. हा शब्द तिरप्या अक्षरांत हवा, आणि त्याच्यापुढचं टिंबही तिरपंच. टिंब तिरपं कसं ओळखायचं? स्क्रीन वाढवत वाढवत ५०० टक्क्यांवर नेली. टिंब आमच्या सांगलीच्या आयर्विन पुलाच्या कमानीएवढं दिसायला लागलं, पण तिरपं की सरळ, ते काही बोलेना. 'सुप्रा'चं आणखी निराळं. पुस्तकाला, लेखाला 'सुप्रा' म्हणजे 'मागे सांगितलेलं' चालतं, निकालाला चालत नाही. निकालानं काय घोडं मारलंय, देव जाणे.

रविवारी रात्री साडेअकराला बाबा पाणी प्यायला उठले. मार्केट यार्डात त्यांची हळदीची अडत. वजन, दर, हमाली, तोलाई... पट्ट्या तपासण्यात माणसाचं आयुष्य गेलेलं. माझ्या पाठीशी थांबले. कपाळावरचा चष्मा नाकावर आला.

"अगं, हे इथं..."

"बाबा! एक शब्द बोलायचा नाही. मदत घेतली तर बाद करतात."

"बरं बाई," म्हणाले आणि तांब्या घेऊन गेले. जाताना मात्र दोनदा मागे वळून बघितलं.

सोमवारी आठ वाजून छपन्न मिनिटांनी फाईल गेली. गणपतीच्या देवळाच्या दिशेनं हात जोडले आणि चहाला बसले. बाबांनी बशी खाली ठेवली.

"आता बोललं तर चालेल?"

"बोला की."

"रात्री बघितलं मी. सगळीकडे सालाला दोन्ही बाजूंनी कंस आहेत. एका ठिकाणी उघडलाय, पण बंदच केलेला नाही. नंतर घातलास ना?"

मी लॅपटॉप उघडला. वरून सतरावी ओळ. केशवानंदच होता: (१९७३ ४ एससीसी २२५.

"कृष्णाकाठची पोर, आणि कंसानं घात केला," आई म्हणाली आणि भडंगाची वाटी माझ्यापुढे सरकवली.