त्रेसष्ट, छत्तीस आणि व्हॉल्व्ह ट्यूब

गेल्या आठवड्यात लेकीच्या वहीत एक उत्तर चुकलेलं दिसलं. इथल्या जर्मन शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं 'ड्राय-उंट-झेख्त्सिश', म्हणजे तीन आणि साठ. हिने ऐकलं तसं आधी ३ लिहिला, मग ६. त्रेसष्टचे झाले छत्तीस. व्हिडिओ कॉलवर असलेले आजोबा म्हणाले, "अगं, हिचा तर गणिताशी खराच छत्तीसचा आकडा आहे!"

मला २०१९ आठवलं. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पंचवीस'च्या जोडीला 'वीस पाच' आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'वरून विधानसभेत कोट्या झाल्या. फ्रँकफर्टजवळ बसून मीही दोन-तीन विनोद पुढे ढकलले, खोटं कशाला बोलू? जुनी नावं काढलेली नाहीत, जोडाक्षरांनी भरलेले शब्द मुलांना जड जातात म्हणून सोपा पर्याय दिलाय, हे बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या. ऐकायला कुणाला वेळ होता?

आता घरात त्याच अडचणीचा जर्मन अवतार आलाय. जर्मनमध्येही एकक आधी बोलतात, पण निदान नियमाने बोलतात. आपल्याकडे तेवीस, तेहेतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्र्याहत्तर! एका तीनची किती सोंगं. आणि एकोणसत्तर? नाव सत्तरचं, लिहायचे ६ आणि ९. नॉर्वेने संसदेत ठराव करून १९५१ पासून दशक आधी बोलायला सुरुवात केली. जर्मनीत अशीच मागणी करणारी एक संस्था बोखुममध्ये आहे, पण तिचं कुणी फारसं मनावर घेत नाही.

तरी इथल्या बाईंनी काय केलं, तर दहा-दहा मण्यांच्या सहा काठ्या आणि तीन सुटे मणी तिच्यापुढे ठेवले. "आधी काठ्या लिही." बस्स. आपल्याकडे काड्यांचे गठ्ठे बांधतात तेच. २०१९च्या त्या सगळ्या भांडणात मुलांच्या तोंडी कुठला शब्द असावा यावर रकानेच्या रकाने लिहून आले, पण त्यांच्या हातात काय आहे, हे विचारणारं मला तरी कुणी दिसलं नाही.

परवा पावसाचा रविवार होता, म्हणून तिला गीसनला घेऊन गेलो. तिथे आल्ब्रेख्ट बॉयटेल्सपाखर या गणिताच्या प्राध्यापकांनी २००२ मध्ये उभारलेलं 'माथेमाटिकुम' हे गणिताचं संग्रहालय आहे. इथे प्रत्येक गोष्टीला हात लावायचा. साबणाच्या पाण्यातलं कडं दोरीने वर ओढलं की आपण उभ्या बुडबुड्याच्या आत! तो मधे बारीक होत जातो, कंबरेसारखा. "सरळ नळीसारखा का नाही राहत?" असं तिने विचारलं, आणि मी फळा, सूत्र काहीही नसताना पृष्ठताणावर बोलायला लागले.

हे वाचून 'बघा, परदेशात कसं असतं' असं कुणी म्हणू नये. जर्मनीतल्या याच राज्यात चौथीनंतर, म्हणजे जेमतेम दहाव्या वर्षी, मुलांची वेगवेगळ्या शाळांत वाटणी होते. आपल्याकडच्या स्कॉलरशिपच्या क्लासला नावं ठेवताना मी हे सोयीने विसरत असे.

शिवाय तिचं सगळ्यात लाडकं खेळणं जर्मन नाहीच. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी लोकप्रिय केलेल्या आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे हवा भरायच्या व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी, बस्स. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं मुलांना हे शिकवलं, आणि त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंसुद्धा फुकट आहेत. ट्यूबचे छोटे तुकडे सांधे म्हणून वापरायचे. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन बोट लावताच कलंडतो. तिने त्यात तिरकी काडी घालायचा प्रयत्न केला, ती पुरेना. "कर्ण लांब असतो," हे तिने स्वतःच शोधलं, फक्त 'कर्ण' हा शब्द मी दिला.

ट्यूब संपत आलीय. इथल्या सायकलींच्या व्हॉल्व्हला ती लागत नाही, त्यामुळे दुकानात मिळत नाही. आजोबांना सांगितलंय, येताना चार मीटर आणा. त्यांच्या चौकातला सायकलवाला म्हणाला म्हणे, "काका, पंक्चर किती आहेत?"