सॉफ्टनर आजारी, घर खूश

फ्रिज बिघडला की घरात बोंब होते. गीझर गेला तर पहिल्याच आंघोळीला किंकाळी. मिक्सर तर जळका वास सोडून, रीतसर निरोप घेऊन जातो. वॉटर सॉफ्टनरची, म्हणजे जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्राची, तऱ्हा उलटी. त्याची तब्येत ढासळायला लागली की घरात एकामागून एक आनंदाच्या बातम्या येतात. मीठ कमी लागतंय, रात्री शांत झोप लागतेय, अंगावरचा साबण झटकन निघतोय. सगळे खूश, आणि गीझरच्या पोटात क्षारांचा थर मुकाट्याने वाढत असतो.

आमच्याकडे या बातम्या देण्याचं खातं माझ्या सासऱ्यांकडे आहे. नाना निवृत्त आहेत आणि नोंदी ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मिठाच्या टाकीवर त्यांनी पेन्सिलीने रेघा मारून ठेवल्यात. दर रविवारी झाकण उघडायचं, वाकून बघायचं आणि वहीत लिहायचं. अशाच एका रविवारी ते विजयी मुद्रेने स्वयंपाकघरात आले. "अगं, मीठ कधीचं एकाच रेघेवर आहे! यंत्र आता रुळलं बघ."

यंत्र रुळत वगैरे नाही. सॉफ्टनरच्या उंच टाकीत रेझिनचे बारीक मणी असतात, एक मिलिमीटरच्या आसपासचे. त्या मण्यांना सोडियम चिकटलेलं असतं. जड पाणी त्यातून गेलं की मणी पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की शेजारच्या टाकीतलं मिठाचं पाणी ओढून त्यांना धुवायचं, म्हणजे पकडलेलं सगळं गटारात जातं आणि मणी पुन्हा कामाला लागतात. मीठ लागतं ते एवढ्यासाठी. मीठ उतरत नाही याचा अर्थ आजीने ताट न उष्टावता परत पाठवलंय. अशा वेळी घरात कोणी पेढे वाटत नाही.

कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने काय होतंय ते विचारलंच नाही. "किती वर्षं झाली, मॅडम?"

"दहावं लागलंय."

"मग बदलूनच टाका ना. लाइफ संपलं त्याचं."

हे लाइफ प्रकरण फार मजेशीर आहे. कोणालाही विचारा, सॉफ्टनर दहा ते पंधरा वर्षं टिकतो असंच उत्तर येतं, आणि ढोबळमानाने ते खरंही आहे. नीट सांभाळलेले वीस वर्षंही चालतात. पण यंत्राला एक वय नसतंच. त्यातली फायबरची टाकी बहुधा आपल्याला पुरून उरते. डोक्यावरच्या व्हॉल्व्हमधली रबरी सील काही वर्षांत झिजतात आणि स्वस्तात बदलून मिळतात. रेझिनचं आयुष्य पाण्यावर अवलंबून. पाणी जंतुमुक्त करायला घातलेलं क्लोरीन त्या मण्यांची वीण हळूहळू उसवतं, आणि पाण्यात लोह असेल तर मण्यांवर तांबूस लेप बसतो. त्यामुळे एकाचं रेझिन पाच-सहा वर्षांत थकतं आणि दुसऱ्याचं पंधराव्या वर्षीही ठणठणीत असतं. फोनवरून जन्मतारीख विचारून मृत्यूचा दाखला देणारे लोक हे सगळं बाजूला ठेवतात.

मी झाडूचा लाकडी दांडा घेतला. मिठाच्या टाकीचं झाकण काढलं आणि मिठावर हलकेच टोकून पाहिलं. ठक्क. वर दगडासारखा पापुद्रा आणि आवाज पोकळ. दमट हवेत मिठाचे खडे एकमेकांना चिकटून वर कडक छत तयार होतं आणि खालचं मीठ विरघळून गेलं की मधे नुसती पोकळी उरते. वरून टाकी भरलेली दिसते, खालच्या पाण्याला मीठ शिवतही नाही. मी कडेकडेने दांडा दाबत गेले. आधी एक चीर पडली, मग "धप्प" करून अख्खं छत खाली बसलं आणि मचूळ पाणी थेट नानांच्या चष्म्यावर उडालं. (लोखंडी सळई मात्र वापरू नये. टाकी प्लॅस्टिकची असते, आणि ती फुटली तर कंपनीच्या मुलीचं भाकीत आपणच खरं करून दाखवतो.) मग हाताने एकदा धुलाई चालू केली आणि पाणी ताळ्यावर आलं. नानांच्या रेघा मात्र एकदम खाली गेल्या, त्याचं त्यांना बरेच दिवस वाईट वाटत होतं.

दुसरी आनंदाची बातमी नवऱ्याने आणली. "हल्ली रात्री तो घरघराट नसतो, मस्त झोप लागते." सॉफ्टनरची धुलाई बहुतेक रात्री दोनला लावलेली असते. तासाभराहून जास्त चालते, पाणी खळखळतं, व्हॉल्व्ह कुरकुरतो. ती वेळ रात्रीची ठेवण्यामागे कारण आहे. धुलाई चालू असताना एका टाकीचा सॉफ्टनर घराला सरळ कच्चं पाणी सोडतो, आणि त्या वेळी कोणी नळ उघडू नये अशी अपेक्षा असते. आमचं मॉडेल जुनं, चावीच्या घड्याळासारख्या तबकडीवर चालणारं. वीज गेली की तबकडी थांबते आणि वीज आली की थांबली तिथून पुढे सरकते. वीज थोडी थोडी जात राहिली आणि आमच्या सॉफ्टनरचे रात्रीचे दोन सरकत सरकत सकाळच्या सातला येऊन ठेपले. घरघराट चालूच होता, फक्त मुलाची शाळेची बस, नानांचा रेडिओ आणि "माझे मोजे कुठेत" या गदारोळात तो कोणाला ऐकू येत नव्हता. धुलाईच्या दिवशी अख्खं घर शिस्तीत कच्च्या पाण्याने आंघोळ करत होतं. घड्याळाची तबकडी फिरवली, काम झालं. पैसाही लागला नाही.

झोप मात्र मोडली. त्याबद्दल मला अजून ऐकून घ्यावं लागतं.

तिसरी बातमी पुन्हा नानांची, आणि या वेळी प्रकरण गंभीर होतं. आंघोळ करून बाहेर आले ते गाणं गुणगुणतच. "आज किती दिवसांनी अंग स्वच्छ झाल्यासारखं वाटलं. साबण कसा झटकन निघाला!"

माझ्या पोटात गोळा आला. मऊ पाण्यात साबण निघतच नाही असं वाटतं, अंग बुळबुळीत लागतं. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा बाथरूममधून तांब्यावर तांबे ओतून, दमून बाहेर येतो आणि "तुमच्याकडचा साबण फार चिकट आहे हो" असं ऐकवतो. जड पाण्यात साबणाचा कॅल्शियमशी संयोग होऊन चोथा होतो. तो अंगावर बसतो, त्वचा करकरते आणि आपल्याला वाटतं, काय स्वच्छ झालो! अंग स्वच्छ वाटायला लागणं हे सॉफ्टनरच्या घरातलं सगळ्यात वाईट लक्षण आहे. नळाच्या तोटीवर पांढरी कड धरलेली मी आधीच पाहिली होती, आणि नवऱ्याचा टॉवेल वाळला की खुंटीविना उभा राहत होता.

तपासायला आलेल्या तरुणाने खिशातून पेनासारखं टीडीएस मीटर काढलं. सॉफ्टनरच्या आधीच्या पाण्यात बुडवलं, नंतरच्या पाण्यात बुडवलं आणि दोन्ही आकडे मला दाखवले. जवळजवळ सारखे. "बघा मॅडम, काही फरकच नाही. मशीन डेड."

या मीटरच्या जोरावर जगात किती सुदृढ सॉफ्टनर भंगारात गेले असतील देव जाणे. ते मीटर पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा मिळून अंदाज देतं. सॉफ्टनर क्षार कमी करत नाही, बदलतो. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, काढला तर त्या जागी सुमारे १३८ मिलिग्रॅम सोडियम येतं. (हार्डनेस कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मोजतात म्हणून आकडे जुळत नाहीत. आणि ज्यांना मीठ कमी खायला सांगितलंय त्यांच्या पिण्याच्या पाण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढलेला बरा.) म्हणजे सॉफ्टनर अगदी नवा असता तरी त्या मीटरने त्याला मृतच ठरवलं असतं. त्या तरुणाला मी हे सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि नव्या मॉडेलचं माहितीपत्रक माझ्या हातात दिलं.

खरी तपासणी हार्डनेसच्या किटने होते. बाटलीत पाणी घ्यायचं, रंगाची पूड टाकायची. हार्डनेस असेल तर पाणी वाइनसारखं लाल होतं. मग दुसऱ्या बाटलीतलं द्रावण थेंबाथेंबाने सोडत जायचं. पाणी लालाचं निळं झालं की थांबायचं आणि थेंबांवरून आकडा काढायचा. लिटरमागे साठ मिलिग्रॅमपर्यंत मऊ, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत जड, त्यापुढे फारच जड. सॉफ्टनर धडधाकट असेल तर त्याच्यानंतरचं पाणी जवळजवळ लगेच निळं होतं. आमच्या घरी हा प्रयोग निवडणुकीच्या मतमोजणीसारखा पार पडला. नाना मोठ्याने थेंब मोजत होते, मुलगा वहीत रेघा ओढत होता आणि पाणी काही केल्या निळं व्हायला तयार नव्हतं. सॉफ्टनरमधून आलेलं पाणी १८० च्या पुढे निघालं. बायपासचा, म्हणजे सॉफ्टनरला वळसा घालून कच्चं पाणी घरात सोडणारा, कॉक अर्धवट उघडा तर नाही ना, हे मी आधीच पाहून ठेवलं होतं. पुष्कळदा रोग तेवढाच असतो. तो कॉक घट्ट बंद होता.

त्याच आठवड्यात बेसिनच्या नळाची धार बारीक झाली. तोटीची जाळी फिरवून काढली तर आत पिवळसर तांबूस, चमकदार, इवले इवले मणी अडकलेले. रेझिन! ते टाकी सोडून नळापर्यंत आलं म्हणजे टाकीच्या तळाची गाळणी फुटली होती. मी एक मणी नखावर घेऊन दुसऱ्या नखाने दाबला. चांगला मणी टणक असतो, निसटून उडतो. हा दाबल्याबरोबर पिचला आणि नखावर ओला लगदा राहिला. क्लोरीनने आपलं काम केलं होतं.

हे कृत्रिम रेझिन १९३५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये अ‍ॅडम्स आणि होम्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पुढे आणलं. ग्रामोफोनच्या तबकड्यांचा चुरा पाण्यातले क्षार धरतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं, असं सांगतात. जेवताना हे मी बोलून गेले, आणि दुसऱ्या दिवशी नानांच्या जुन्या तबकड्यांची पेटी कपाटाच्या वरच्या खणात कुलुपात गेली.

आता प्रश्न होता, काय काय बदलायचं. नवरा अख्खा नवा घ्यावा या मताचा, कारण नव्या खोक्यासोबत वॉरंटी येते. नाना काहीच बदलू नये या मताचे, कारण साबण निघतोय. माझं म्हणणं असं, की टाकी फुटली किंवा व्हॉल्व्हचे सुटे भाग मिळेनासे झाले तर नवा घेण्याला अर्थ आहे. एरवी जे गेलंय ते बदलावं. फक्त तबकडीच्या घड्याळावर माझा राग होता. ते पाणी किती वापरलं ते बघत नाही, आपण गावाला गेलो तरी ठरल्या दिवशी मीठ आणि पाणी ओतून मोकळं होतं. मीटरवाला व्हॉल्व्ह वापरलेले लिटर मोजतो आणि गरज पडली तरच धुतो. आमच्याएवढ्या, म्हणजे २५ लिटर रेझिनच्या टाकीतून ३०० हार्डनेसचं साधारण ४००० लिटर पाणी एका धुलाईत निघायला हरकत नसते. शेवटी रेझिन नवं, गाळणी नवी, व्हॉल्व्ह मीटरवाला नवा, आणि टाकी तेवढी जुनी, असं ठरलं.

"मग यात जुनं राहिलं काय?" नवऱ्याने विचारलं. कंपनीच्या मुलीलाही हेच कोडं पडलं. "किती वर्षं झाली, मॅडम?" या प्रश्नाला मी "टाकीला दहा, बाकीच्याला चार दिवस" असं उत्तर दिल्यावर तिने फोन वरिष्ठांकडे दिला.

टाकी उपसण्याचं काम बघण्यासारखं होतं. ओलं रेझिन फरशीवर सांडलं की त्यावर माणूस स्केटिंग केल्यासारखा सरकतो. मेकॅनिक सरकला, नवरा सरकला, आणि काय झालं बघायला आलेले शेजारचे काका दारातच बसले. ते मणी अजूनही फर्निचरच्या खाली सापडतात. नवं रेझिन मी दहा टक्के क्रॉसलिंकिंगचं, म्हणजे मण्यांची वीण जास्त घट्ट असलेलं, मागून घेतलं, नेहमीच्या आठ टक्क्यांपेक्षा ते क्लोरीनपुढे जास्त टिकाव धरतं. मेकॅनिकने माझ्याकडे आदराने पाहिलं, की ते भीतीने होतं, मला नीट कळलं नाही.

नानांचं मन मात्र आता रेघांवर रमत नाही. त्यांना हार्डनेसचं किट मिळालंय. ते खिशात घेऊन फिरतात. कोणाकडे गेले की "जरा हात धुतो" म्हणून आत जातात आणि बराच वेळ बाहेर येत नाहीत. आतून फक्त मोजणी ऐकू येते. "सतरा... अठरा... अजून लालच!" मग बाहेर येऊन यजमानांना विचारतात, "हल्ली तुमच्याकडे साबण कसा निघतो?" आणि ते बिचारे कौतुकाने सांगतात, "अगदी झटकन!"

परवा माझ्या नणंदेचा फोन आला होता. नानांना घेऊन ये म्हणाली, पण त्यांचं किट तेवढं घरी ठेव म्हणाली.