शेजारच्या काकूंचे डेसिबल

सोलापूरच्या कानांनी आवाजाला घाबरावं, असं काही कारण नाही. पूर्व भागात यंत्रमागांच्या खटखटीत पोरं गाढ झोपतात. वीज जाऊन माग थांबले की उठून बसतात. अशा गावात घरी हवा भरायला आणलेला एक हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर कुणाला बोचेल? बोचतो. माग एका लयीत चालतो. कॉम्प्रेसर मात्र न सांगता गुरगुरतो, तीन मिनिटांनी ‘फुस्स’ करून गप्प होतो आणि पलीकडच्या काकूंचा डोळा लागला की पुन्हा उठतो. मग गॅलरीतून प्रश्न येतो, “काय करायलाय हो? घरात गिरणी टाकली काय?”

दुकानात सगळेच कॉम्प्रेसर सायलेंट असतात, कारण ते बंद असतात. चालू करून दाखवा म्हटलं की दुकानदार रिकामी टाकी अर्धा मिनिट चालवतो आणि आपण माना डोलावतो. रिकाम्या टाकीत हवा ढकलायला हत्तीचं बळ लागत नाही. दाबाचा काटा सहा बारच्या (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) पुढे सरकला की मशीनचा खरा गळा ऐकू येतो. म्हणून शून्यापासून आठ बारपर्यंत भरून दाखवायला सांगावं आणि तोवर चहा नाकारू नये.

डेसिबलच्या आधी मी पाटीवरचे आरपीएम, म्हणजे मोटरचे मिनिटाचे फेरे, वाचतो. 1400 च्या आसपास असतील तर मोटर चार पोलची, 2800 असतील तर दोन पोलची, म्हणजे दुप्पट धडपडणारी. ‘ऑइल-फ्री’ म्हणजे पंपात तेल नाही, एवढंच. शांततेची हमी त्यात कुठेही नाही. स्वस्तातला 2800 चा ऑइल-फ्री झाडावरचे कावळे उडवतो. 1400 चा, दोन हेडचा (म्हणजे दोन सिलिंडरचा) ऑइल-फ्री वेगळा. दातांच्या डॉक्टरांकडे आतल्या खोलीत गुणगुणतो, तो बहुतेक हाच. घरासाठी माझं मत त्यालाच.

आता स्टिकरवरचा आकडा. 70 डेसिबल लिहिलंय, पण किती अंतरावर? एक मीटरवर 70 असेल, तर मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण 6 उतरतात: दोन मीटरवर 64, चारवर 58, आठवर 52. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45. पण आपल्या गल्लीत आठ मीटर मोकळे कुठे? मध्ये भिंत, भिंतीवरून आवाज परत, आणि परतलेला थेट काकूंच्या खिडकीत.

खरी गोम मात्र टाकीच्या गणितात आहे. 25 लिटरची टाकी आठ बारला भरली, की आत बाहेरच्या दाबाची सुमारे 200 लिटर जादा हवा बसते. पंप प्रत्यक्षात मिनिटाला 65-70 लिटर देत असेल, तर तीनेक मिनिटं मोटर चालणार. पाटीवर मोठ्या अक्षरात छापलेला सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) बहुधा पिस्टनच्या मापाचा असतो. मिळणारी हवा त्याहून बरीच कमी, म्हणून एफएडी, म्हणजे प्रत्यक्ष मिळणारी हवा, किती ते विचारा. दाब सहावर उतरला की स्विच मोटर पुन्हा लावतो, म्हणजे दोन सुरुवातींच्या मध्ये हातात फक्त 50 लिटर. ब्लोगननं, म्हणजे हवेचा झोत मारणाऱ्या पिस्तुलानं, कूलरची धूळ उडवायला गेलात, तर तेवढी पंधरा-वीस सेकंदांत संपते. स्कूटरच्या चाकाला मात्र दहाएक लिटर पुरतात. दुपारी टाकी भरायची, बटण बंद करायचं आणि रात्री बिनआवाज चाकं भरायची. मोटर झोपलेली, काकूही.

मशीन कोपऱ्यात ठेवू नये. दोन्ही भिंती आवाज दामदुप्पट करून परत देतात. खाली जाड रबरी पॅड हवेत, नाहीतर थरथर स्लॅबमधून खालच्या मजल्यावर पोचते. लांब बारीक वायरचं एक्स्टेंशन लावून मशीन दूर नेऊ नका. व्होल्टेज पडतं, मोटर घुमत राहते आणि तापते. मशीन पंधरा-सोळा अँपिअरच्या सॉकेटजवळच ठेवून हवेचा पाइप दहा मीटरचा घ्या. बराचसा आवाज हवा ओढणाऱ्या फिल्टरमधून येतो, तिथे चांगला सायलेन्सर बसवला तर पैसे वसूल. आणि कितीही मोह झाला तरी त्यावर सोलापुरी चादर पांघरू नका. इथल्या मे महिन्यात माणूसच चादर फेकून देतो, मोटरनं काय करावं? तापलेल्या मोटरचा ओव्हरलोड स्विच पडतो, आणि आपण इलेक्ट्रिशियनला फोन लावतो.

काम झालं की दाब उतरवून टाकीखालचा कॉक उघडा. तांबूस पाणी येईल. ते आत साठलं तर टाकी आतून गंजते, आणि गंजलेल्या टाकीच्या आवाजावर काकू काय, आख्खी पेठ बाहेर येईल.

राहिली ती ‘फुस्स’. ती बंद करायला जाऊ नका. मोटर थांबताच हेडपासून टाकीपर्यंतच्या नळीतली हवा सुटते, म्हणून पुढच्या वेळी मोटर मोकळी फिरते. फुस्स आली नाही तर मोटर दाबाशी झुंजत नुसती हुंकारते. फुस्स थांबतच नसेल, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय आणि टाकीतली हवा परत येतेय. एकदा, दोन सेकंद, तेवढीच ती बरी. हे काकूंना समजावून सांगितलं, तर त्या शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, “असू दे की. पण दोन ते चार नको.”