प्रतिक्रियेला उत्तर : सिगारेट ओढणारे बारीक असतात, मग ती आणि लठ्ठपणा एका वाटेवर कसे?

नमस्कार.

धूम्रपान आणि लठ्ठपणा यांना मेंदूतली बक्षीस-यंत्रणा कशी जोडते, या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत. तुमचे आक्षेप थोडक्यात असे : दोन्हींचं मूळ डोपामिनमध्ये, म्हणजे ओढ लावणाऱ्या मेंदूतल्या रसायनात, असेल तर सिगारेट ओढणारे जाड दिसायला हवेत, उलट ते किडकिडीत असतात आणि सिगारेट सुटली की अंग धरतात. लठ्ठ माणसांच्या मेंदूत डोपामिनचे ग्राही (पेशींवरच्या, ते रसायन पकडणाऱ्या जागा) कमी असतात, हे विधान बेधडक आहे. असल्या लेखांनी लोकांना आयती सबब मिळते, खरा प्रश्न निग्रहाचा. आणि गावाकडे सिगारेट ओढतंय कोण, तिथे तंबाखू आणि मिश्री चालते.

ग्राहींबद्दल तुमचं बरोबर आहे. ते विधान अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेच्या २००१ सालच्या अभ्यासावर उभं होतं. त्यात अतिलठ्ठ माणसं होती फक्त १०. नंतरच्या मोजण्यांमध्ये दर वेळी तेच चित्र दिसलं नाही. शिवाय मोजणीतच एक मेख आहे : स्कॅनसाठी टोचलेलं द्रव्य आणि मेंदूतलं स्वतःचं डोपामिन एकाच जागेसाठी झटतात, त्यामुळे ‘ग्राही कमी’ याचा अर्थ ‘डोपामिन जास्त’ असाही निघू शकतो. आणि ग्राही आधी कमी झाले की वजन आधी वाढलं, हे एका स्कॅनवरून ठरत नाही. लेखातलं ते वाक्य बदलायलाच हवं, ते बदललं आहे.

पहिला आक्षेप मात्र मुळातून पाहावा लागेल, कारण विषयाचं मर्म त्यातच आहे. झुरका घेतल्यावर १० ते २० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. मध्यमेंदूतल्या व्हेंट्रल टेगमेंटल एरिया या भागातल्या पेशींवरचे अल्फा-४ बीटा-२ जातीचे ग्राही ते पकडतं, आणि त्या पेशी न्यूक्लियस अकम्बन्स या बक्षीस-यंत्रणेच्या केंद्रात डोपामिन सोडतात. जिलेबी किंवा गरम वडाही याच वाटेवर येतो, फक्त जीभ आणि आतड्याकडून वळसा घालून. इथपर्यंत रस्ता सामाईक. पण निकोटिन त्याच वेळी हायपोथॅलॅमस या मेंदूतल्या भूक सांभाळणाऱ्या भागातल्या, भूक मंदावणाऱ्या पीओएमसी पेशींनाही चेतवतं. उंदरांवरच्या २०११ सालच्या संशोधनात दिसलं की हे काम अल्फा-३ बीटा-४ या वेगळ्या ग्राहींमार्फत होतं. शिवाय दिवसाला २४ सिगारेटी ओढणाऱ्यांच्या शरीराचा ऊर्जेचा खर्च सुमारे १० टक्क्यांनी वाढतो, हे १९८६ मध्येच मोजलं गेलं होतं. बक्षिसाची ओढ वाढते आणि भुकेला लगाम बसतो, दोन्ही एकाच झुरक्यात. सिगारेट सुटली की लगाम सुटतो, ओढ मात्र शिल्लक राहते. ती बिस्किटांकडे, शेव-फरसाणाकडे वळते.

याला जनुकांचाही आधार आहे. निकोटिनच्या ग्राहींच्या जनुकांमध्ये (सीएचआरएनए५-ए३-बी४ हा समूह) असा एक बदल सापडतो, जो असलेली माणसं ओढायला लागली की जास्त ओढतात. अशा ओढणाऱ्यांचं वजन सरासरीने कमी भरतं. ज्यांनी कधीच सिगारेट ओढली नाही त्यांच्यात मात्र तोच बदल थोड्या जास्त वजनाशी जोडलेला दिसतो. ब्रिटनच्या यूके बायोबँक या लाखो लोकांच्या आरोग्य-नोंदींच्या साठ्यातल्या माहितीवरून २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली : जन्मतः वजनवाढीकडे कल असलेल्यांमध्ये धूम्रपान करण्याची शक्यताही जास्त. तुम्हाला दिसलेली विसंगती खरी आहे, पण ती सामाईक वाट खोडत नाही. आणि किडकिडीत म्हणजे निरोगी असंही समजू नका. जास्त ओढणाऱ्यांच्या पोटावर चरबी साठण्याकडे कल असतो, म्हणून काट्यापेक्षा टेप खरी : भारतीय पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९० सेंमी, स्त्रियांसाठी ८०.

सिगारेट सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी ४ ते ५ किलो वजन वाढतं, त्यातलं बरंचसं पहिल्या ३ महिन्यांत. सरासरीच्या आड मोठा फरक लपलेला आहे : साधारण सहातल्या एकाचं वजन उलट घटतं, तर आठातल्या एकाचं १० किलोंहून जास्त वाढतं. ज्यांचं वजन बरंच वाढतं त्यांना पुढची काही वर्षं मधुमेहाचा धोकाही वाढलेला असतो, पण मृत्यूचा धोका वजन वाढूनही कमीच होतो. वजनाच्या भीतीने सिगारेट चालू ठेवणं हा सगळ्यात तोट्याचा सौदा आहे. पहिले ३ महिने कडक डाएटही नको, उपाशी मेंदूत तल्लफ अधिक चढते. वजन स्थिर ठेवलं तरी पुष्कळ झालं.

इथे चहाचा मुद्दा हमखास सुटतो. धुरातल्या डांबरातली काही रसायनं यकृतातलं कॅफिन फोडणारं विकर वाढवून ठेवतात. धूर थांबला की ते काही दिवसांत खाली येतं, आणि नेहमीचाच सहा कप चहा दुप्पट होऊन अंगावर येतो : धडधड, चिडचिड, झोप उडणं. माणूस समजतो की ही तल्लफच, आणि पुन्हा पेटवतो. म्हणून पहिल्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा. कपाला दोन चमचे साखर धरली तर तीन कप कमी झाल्याने सुमारे १२० कॅलरीही वाचतात. दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्यांनी सिगारेट सोडताना डॉक्टरांना आधी सांगावं, त्या औषधाचंही असंच होतं.

निग्रह मी नाकारत नाही, तो लावायचा कुठे एवढाच प्रश्न आहे. दिवसाला २० सिगारेटी, प्रत्येकीचे साधारण १० झुरके, म्हणजे रोज २०० वेळा मेंदूला धडा गिरवायला मिळतो. मेंदू-संशोधक वुल्फ्राम शुल्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं की धडा पक्का झाला की डोपामिनच्या पेशी फळांचा रस मिळाल्यावर पेटत नाहीत, तो मिळणार असल्याच्या खुणेवर पेटतात. टपरी, कटिंगचा ग्लास, जेवणानंतरची दहा मिनिटं या तशाच खुणा. एकेक तल्लफ काही मिनिटांत ओसरते, निग्रह तेवढा वेळ पुरतो. दिवसभर पुरवायला गेलात तर तुटतो. त्यामुळे टपरीचा रस्ता बदलणं ही पळवाट नाही, तीच तयारी आहे. यंत्रणा सामाईक असल्याचा औषधांतही उपयोग होतो : ब्युप्रोपियन हे औषध १९९७ मध्ये अमेरिकेत धूम्रपान सोडण्यासाठी मान्य झालं, आणि २०१४ मध्ये नाल्ट्रेक्सोन या दुसऱ्या औषधाच्या जोडीने वजन कमी करण्यासाठी. पण फिट येणाऱ्यांनी ते घ्यायचं नाही, आणि डॉक्टरांशिवाय कुणीच नाही. याच यंत्रणेवर काम करणारं रिमोनाबंट २००६ मध्ये युरोपात आलं आणि नैराश्य व आत्महत्येच्या विचारांमुळे २००८ मध्ये थांबवावं लागलं. ओढ सरसकट दाबली की जगण्यातली गोडीही जाते.

राहिली तंबाखू. महाराष्ट्राबद्दल तुमचं निरीक्षण अचूक आहे : २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत इथले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, ओढणारे फक्त ३.८ टक्के. तळहातावर तंबाखूत चुना मळतात तेव्हा ती क्षारयुक्त होते, आणि क्षारात निकोटिन गालाच्या आतल्या अस्तरातून भराभर शिरतं. तंबाखू सोडण्यासाठी मिळणाऱ्या निकोटिनच्या च्युइंगमचं गणितही तेच. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅम, नाहीतर २. झिणझिण्या येईपर्यंत सावकाश चावायचं, मग गाल आणि हिरडीमध्ये मिनिटभर ठेवायचं, चव गेली की पुन्हा. असं अर्धा तास. आधी १५ मिनिटं कॉफी, लिंबू सरबत किंवा कोल्ड्रिंक नको, कारण आम्लात शोषण अडतं. बहुतेकजण ते साध्या च्युइंगमसारखं भराभर चघळतात, निकोटिन पोटात जातं, उचक्या आणि मळमळ सुरू होते, आणि ‘उपयोग नाही’ म्हणून पाकीट फेकलं जातं. तंबाखू किंवा मिश्री सोडणाऱ्यांना भुकेचा लगाम सुटण्याचा मुद्दा लागू आहे, चहाचा नाही, कारण तिथे धूर नसतो. मदतीसाठी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे : १८००-११-२३५६, फोन मोफत.